४५ लाख कोटींचं बजेट चर्चेविनाच मंजूर झालं होतं! बजेटमध्ये संसदेच्या हातात नेमकं काय असतं?

तारीख होती २३ मार्च २०२३. लोकसभेत नेहमीप्रमाणे गोंधळ सुरू होता. राहुल गांधींनी लंडनमधल्या वक्तव्याबद्दल माफी मागावी, असं सत्ताधारी बाकांवरून म्हटलं जात होतं. विरोधकांना अदानी प्रकरणाची चौकशी संयुक्त संसदीय समितीकडून हवी होती. कोणी कोणाचं ऐकत नव्हतं. याच गोंधळात केंद्र सरकारच्या सगळ्या मंत्रालयांच्या खर्चाच्या मागण्या एकत्र मतदानाला टाकण्यात आल्या आणि आवाजी मतदानाने मंजूरही झाल्या.

शेती, आरोग्य, शिक्षण, संरक्षण, रेल्वे यांपैकी एकाही मंत्रालयाच्या मागणीवर चर्चा झाली नाही.

त्या वर्षीचं बजेट होतं सुमारे ४५ लाख कोटी रुपयांचं. देशाची लोकसंख्या १४० कोटी धरली तर माणशी ३२ हजार रुपये होतात. म्हणजे चार जणांच्या कुटुंबाच्या वाट्याचे सव्वा लाखाहून जास्त रुपये. एवढा खर्च कुठे आणि का करायचा, यावर मंत्रालयनिहाय एक तासही बोलणं झालं नाही.

मग प्रश्न पडतो, बजेट संसदेत मांडतात ते फक्त भाषणासाठी? खासदारांना त्यातला एक रुपया तरी बदलता येतो का? आणि चर्चा झाली नाही तर सामान्य माणसाचं नेमकं काय बिघडतं?

एकेक करून बघूया.

१ फेब्रुवारीला येतं ते 'बजेट' नसतं

१ फेब्रुवारीला सकाळी ११ वाजता अर्थमंत्री भाषण करतात. टीव्हीवर 'काय स्वस्त, काय महाग'च्या पट्ट्या फिरतात. इन्कम टॅक्सच्या स्लॅबवर मीम्स येतात. दुसऱ्या दिवशी सगळे विसरतात.

पण त्या दिवशी झालेलं असतं ते फक्त 'मांडणं'. बजेट म्हणजे सरकारने संसदेपुढे ठेवलेला प्रस्ताव. "आम्हाला एवढे पैसे या या कामासाठी खर्च करायचेत आणि त्यासाठी असा असा कर लावायचाय, परवानगी द्या," असा तो अर्ज असतो.

ही परवानगी सरकारला टाळता येत नाही. संविधानाच्या कलम २६५ नुसार कायद्याशिवाय कोणताही कर लावता किंवा वसूल करता येत नाही. सरकारचा सगळा महसूल, काढलेलं कर्ज हे सगळं जमा होतं भारताच्या संचित निधीत. म्हणजे देशाच्या मुख्य तिजोरीत. कलम २६६ सांगतं की संसदेने कायदा केल्याशिवाय या तिजोरीतून पैसा काढता येत नाही.

थोडक्यात काय, तर तिजोरी सरकार सांभाळतं, पण किल्ली संसदेकडे आहे.

काही तरतुदी मात्र लगेच लागू होऊ शकतात. आयात शुल्कातले बदल बऱ्याचदा त्याच रात्री १२ पासून लागू होतात, कारण नाहीतर व्यापारी साठेबाजी करतील. त्यासाठी वेगळा कायदा आहे. पण ही सूटही तात्पुरतीच. ७५ दिवसांत त्यावर संसदेची मोहोर उमटावी लागते.

मग पुढच्या दोन महिन्यांत काय काय होतं?

भाषणानंतरचा प्रवास साधारण असा असतो.

आधी सर्वसाधारण चर्चा होते. दोन्ही सभागृहांत खासदार बजेटवर एकूण बोलतात. महागाई, बेरोजगारी, कर्ज, राज्यांना मिळालेला निधी, काहीही. शेवटी अर्थमंत्री उत्तर देतात. यात मतदान नसतं. २०२३ मध्येही ही चर्चा फेब्रुवारीत झाली होती.

मग संसदेला सुट्टी लागते आणि स्थायी समित्यांचं काम सुरू होतं. या समित्या १९९३ मध्ये सुरू झाल्या. तेव्हा त्या १७ होत्या, २००४ पासून २४ आहेत. एका समितीत ३१ खासदार, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. त्यात सगळ्या पक्षांचे लोक असतात. त्या मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारतात. मागच्या वर्षी दिलेला पैसा का खर्च झाला नाही? ही योजना अडली कुठे? कॅमेरे नसल्यामुळे इथे घोषणाबाजी कमी आणि काम जास्त होतं, असं मानलं जातं. समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, पण त्यांचं काय केलं हे सरकारला सांगावं लागतं.

त्यानंतर येतात अनुदानाच्या मागण्या. हा खरा गाभा. प्रत्येक मंत्रालय किंवा विभाग आपल्या खर्चाची मागणी लोकसभेसमोर ठेवतो. अशा शंभरच्या आसपास मागण्या असतात. यावर मत देण्याचा अधिकार फक्त लोकसभेला आहे, राज्यसभेला नाही.

मागण्या मंजूर झाल्या की विनियोजन विधेयक येतं. या कायद्यानेच तिजोरीतून पैसा काढायची परवानगी मिळते.

आणि शेवटी वित्त विधेयक. कराचे सगळे प्रस्ताव यात असतात. हे मंजूर झालं की बजेटची प्रक्रिया पूर्ण.

एक गंमत लक्षात आली का? अर्थमंत्री निर्मला सीतारामन राज्यसभेच्या सदस्य आहेत. त्या लोकसभेत बजेट मांडू शकतात, उत्तर देऊ शकतात. पण लोकसभेत त्यावर मत मात्र देऊ शकत नाहीत. त्यांच्याआधीचे अरुण जेटली आणि १९९१ चे मनमोहन सिंग हेही अर्थमंत्री असताना राज्यसभेतच होते.

अजून एक गोष्ट. सगळ्याच खर्चावर लोकसभाही मत देत नाही. राष्ट्रपतींचं आणि सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांचं वेतन, सरकारी कर्जावरचं व्याज असा काही खर्च 'भारित' असतो. त्यावर चर्चा होऊ शकते, मतदान नाही. हा खर्च किरकोळ समजू नका. २०२५-२६ च्या ५०.६५ लाख कोटींच्या बजेटमध्ये एकट्या व्याजासाठीच १२.७६ लाख कोटींची तरतूद होती. म्हणजे दर चार रुपयांतला एक रुपया.

खासदाराला एक रुपया तरी बदलता येतो का?

नियम बघितले तर येतो. पण एकाच दिशेने.

खासदाराला खर्च वाढवता येत नाही. एखाद्या खासदाराला वाटलं की विदर्भातल्या सिंचनासाठी किंवा कोकण रेल्वेसाठी हजार कोटी जास्त द्यावेत, तर तो तशी दुरुस्ती सुचवू शकत नाही. कारण खर्चाची कोणतीही मागणी राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय, म्हणजे प्रत्यक्षात सरकारच्या इच्छेशिवाय, येऊ शकत नाही.

कमी मात्र करता येतो. त्यासाठी असते कपात सूचना. हिचे तीन प्रकार आहेत.

पहिला, धोरणालाच विरोध असेल तर ती मागणी थेट १ रुपयावर आणा म्हणायचं.

दुसरा, उधळपट्टी होतेय असं वाटत असेल तर ठराविक रक्कम कापा म्हणायचं.

तिसरा, एखाद्या विशिष्ट तक्रारीकडे लक्ष वेधायचं असेल तर १०० रुपये कापा म्हणायचं.

आता कोणी म्हणेल, हजारो कोटींतून १०० रुपये कापून काय होणार? पैशाच्या हिशेबाने काहीच नाही. पण अशी एक जरी सूचना लोकसभेत मंजूर झाली, तर सरकारने बहुमत गमावलं असा त्याचा अर्थ काढला जातो. १०० रुपयांवरून सरकार जाऊ शकतं.

म्हणूनच २७ एप्रिल २०१० ला दिल्लीत सगळ्यांचा श्वास अडकला होता. इंधन आणि खतांच्या दरवाढीवरून विरोधकांनी मनमोहन सिंग सरकारविरुद्ध कपात सूचना आणल्या. महागाईवर डावे आणि भाजप एकाच बाजूने मतदान करत होते. पण मायावतींच्या बसपाने सरकारला साथ दिली आणि सूचना २८९ विरुद्ध २०१ अशा पडल्या. सरकार वाचलं.

सत्ताधारी पक्षातल्याच एखाद्या खासदाराला सूचना पटली तर? तो तिच्या बाजूने मत देऊ शकत नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर व्हिप मोडला तर खासदारकी जाऊ शकते. त्यामुळे ज्या सरकारकडे बहुमत आहे, त्याचं बजेट लोकसभेत पडत नाही. मतदानाचा निकाल आधीच ठरलेला असतो.

निकाल ठरलेलाच असेल तर चर्चा कशाला?

बरोबर इथेच गोम आहे. संसदेची खरी ताकद मतदानापेक्षा चर्चेत आहे. बजेट मांडल्यापासून मंजूर होईपर्यंतच्या काळात प्रस्तावाची चिरफाड होते, लोक बोलतात, खासदार बोलतात आणि सरकारला कधीकधी मागे यावं लागतं. याची काही उदाहरणं बघा.

१९९१ : देशाकडे परकीय चलन जेमतेम उरलं होतं. २४ जुलैला मनमोहन सिंग यांनी ते ऐतिहासिक बजेट मांडलं. उदारीकरणाची चर्चा आपण आजही करतो, पण त्याच बजेटमध्ये खतांच्या किमती सरासरी ४० टक्क्यांनी वाढवल्या होत्या. त्यावर संसदेत गदारोळ झाला आणि काँग्रेसचे स्वतःचे खासदारही बिथरले. शेवटी ही वाढ ३० टक्क्यांवर आणावी लागली आणि छोट्या शेतकऱ्यांना तीतून सूट द्यावी लागली. सरकार तेव्हा अल्पमतात होतं, हेही विसरून चालणार नाही.

२०१६ : अरुण जेटलींनी बजेटमध्ये पीएफवर कर आणला. १ एप्रिल २०१६ नंतर जमा होणाऱ्या रकमेतली ६० टक्के रक्कम काढताना कर लागणार होता. नोकरदार भडकले. संसदेत आणि बाहेर टीका झाली. ८ मार्चला जेटलींनी लोकसभेत निवेदन करून प्रस्ताव मागे घेतला. बजेट मांडून आठवडाच झाला होता.

२०२४ : २३ जुलैच्या बजेटमध्ये घर, जमीन विकताना मिळणारा इंडेक्सेशनचा फायदा काढून टाकला. इंडेक्सेशन म्हणजे महागाईचा हिशेब धरून जुनी खरेदी किंमत वाढवून घेणं, ज्यामुळे नफा आणि कर कमी होतो. २० वर्षांपूर्वी फ्लॅट घेतलेल्या लोकांना धडकी भरली. पुन्हा ओरड झाली. वित्त विधेयक मंजूर होताना, ७ ऑगस्टला सरकारने दुरुस्ती आणली. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या मालमत्तेसाठी इंडेक्सेशनशिवाय १२.५ टक्के किंवा इंडेक्सेशनसह २० टक्के, यातला जो कर कमी पडेल तो भरायची मुभा मिळाली.

तिन्ही वेळा सरकार पडलं नाही. कपात सूचनाही मंजूर झाली नाही. तरी लोकांच्या खिशात फरक पडला. कारण प्रस्ताव आणि कायदा यांच्यामध्ये बोलायला वेळ होता.

आता हा वेळच मिळाला नाही तर काय होतं, तेही पाहूया.

मार्च २०२३ मध्ये एका रात्रीत काय बदललं?

२४ मार्च २०२३. खर्चाच्या मागण्या मंजूर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी वित्त विधेयक लोकसभेत आलं. सोबत सरकारच्याच साठाहून जास्त दुरुस्त्या होत्या. गोंधळ चालूच होता. विधेयक चर्चेविना मंजूर झालं.

या दुरुस्त्यांमध्ये एक होती डेट म्युच्युअल फंडांबद्दलची. डेट फंड म्हणजे जे फंड शेअर्सऐवजी मुख्यतः रोखे, सरकारी कर्ज वगैरेंत पैसे गुंतवतात. एफडीपेक्षा जरा बरा परतावा आणि कर कमी, म्हणून अनेक निवृत्त आणि मध्यमवर्गीय लोक यात पैसे ठेवत होते.

आधीचा नियम असा होता की तीन वर्षांहून जास्त काळ पैसे ठेवले तर नफ्यावर इंडेक्सेशन धरून २० टक्के कर. नव्या नियमाने १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या अशा फंडांवरचा नफा कितीही वर्षांनी काढला तरी थेट तुमच्या उत्पन्नात मिळवला जाणार आणि स्लॅबप्रमाणे कर लागणार. ३० टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसासाठी हा मोठा फटका होता.

हा बदल योग्य होता की अयोग्य, यावर दोन मतं असू शकतात. एफडीच्या व्याजावर स्लॅबप्रमाणे कर लागतो, मग डेट फंडाला वेगळी वागणूक का, हा युक्तिवाद चुकीचा म्हणता येणार नाही. पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा की हा बदल १ फेब्रुवारीच्या बजेटमध्ये नव्हताच. तो मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दुरुस्ती म्हणून आला, संसदेत त्यावर कोणी बोललं नाही आणि आठवडाभरात तो लागू झाला. पीएफवाल्यांना बोलायला जो आठवडा मिळाला, तो डेट फंडवाल्यांना मिळालाच नाही.

घाईचा अजून एक नमुना याच विधेयकात दिसला. शेअर बाजारात ऑप्शन्सच्या व्यवहारांवर लागणाऱ्या कराच्या आकड्यात चूक राहिली होती. ती राज्यसभेत दुरुस्त करावी लागली आणि २७ मार्चला विधेयक पुन्हा लोकसभेत आणून त्यावर शिक्कामोर्तब करावं लागलं.

गिलोटिन म्हणजे काय रे भाऊ?

चर्चा न होता सगळ्या मागण्या एकत्र मंजूर करायच्या, या पद्धतीला संसदेच्या भाषेत 'गिलोटिन' म्हणतात. फ्रेंच राज्यक्रांतीत मुंडकं उडवायला जे यंत्र वापरायचे, त्याचंच हे नाव. इथे मुंडकं उडतं ते चर्चेचं.

गिलोटिन बेकायदेशीर नाही. उलट तो दरवर्षीचा भाग आहे. शंभर मागण्यांवर चर्चा करायला दिवस पुरणार नाहीत हे उघड आहे. म्हणून लोकसभेची कामकाज सल्लागार समिती काही मोजकी मंत्रालयं निवडते. त्यांच्यावर चर्चा होते. ठरलेला दिवस उजाडला की उरलेल्या मागण्यांवर अध्यक्ष एकत्र मतदान घेतात.

त्रास होतो तो निवडलेली मंत्रालयंसुद्धा चर्चेला येत नाहीत तेव्हा. २०२३ ही पहिली वेळ नव्हती. २०१८ मध्येही असंच झालं. १४ मार्च २०१८ ला आंध्र प्रदेशचा विशेष दर्जा, पीएनबी घोटाळा यांवरून गोंधळ चालू असताना मागण्या आणि वित्त विधेयक चर्चेविना मंजूर झालं.

आणि हे फक्त एकाच पक्षाच्या काळात होतं असंही नाही. २००४-०५ आणि २०१३-१४ ची बजेटही अशीच चर्चेविना मंजूर झाली. तेव्हा सरकार यूपीएचं होतं आणि सभागृह बंद पाडणाऱ्यांत भाजप होता. २००४ मध्ये कारण होतं कलंकित मंत्री, २०१३ मध्ये कोळसा घोटाळा. बाजू बदलतात, पण परिणाम तोच राहतो. गोंधळ घालणाऱ्यांना बातमी मिळते, सरकारला आयतं मंजूर बजेट मिळतं आणि प्रश्न विचारायचे राहून जातात.

वेळही कमी झालाय. २०१६ पर्यंत बजेट फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी यायचं आणि पूर्ण मंजूर व्हायला मे उजाडायचा. मधल्या काळासाठी थोड्या खर्चाची तात्पुरती परवानगी घेतली जायची. २०१७ पासून बजेट १ फेब्रुवारीला येतं आणि ३१ मार्चच्या आत संपतं. १ एप्रिलपासून मंत्रालयांना पूर्ण पैसा मिळतो, हा त्याचा फायदा. पण समित्यांना आणि सभागृहाला मिळून आता हातात जेमतेम दोन महिने असतात. त्यातले दोन आठवडे गोंधळात गेले की खेळ संपला.

बजेटच्या पोटात आणखी काय काय असतं?

वित्त विधेयकाचं एक वैशिष्ट्य म्हणजे ते साधारणपणे 'धन विधेयक' म्हणून मांडलं जातं. धन विधेयकावर राज्यसभेला फक्त शिफारशी करता येतात, त्याही १४ दिवसांत. त्या मान्य करायच्या की नाही हे लोकसभा ठरवते. त्यामुळे कराशी थेट संबंध नसलेल्या गोष्टीही या विधेयकात घालायचा मोह सरकारांना होतो.

२०१७ चं वित्त विधेयक याचं ठळक उदाहरण. इलेक्टोरल बाँडचा रस्ता याच विधेयकाने मोकळा केला. कंपन्यांनी राजकीय पक्षांना किती देणगी द्यायची यावर नफ्याच्या ७.५ टक्क्यांची मर्यादा होती, तीही याच विधेयकाने काढली. इन्कम टॅक्स रिटर्नसाठी आधार सक्तीचं झालं तेही इथूनच. अनेक न्यायाधिकरणांची रचनाही यातच बदलली.

राज्यसभेने या विधेयकात पाच दुरुस्त्या सुचवल्या. दुसऱ्याच दिवशी, ३० मार्च २०१७ ला लोकसभेने पाचही फेटाळल्या.

पुढचं तुम्हाला माहीत आहेच. १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने इलेक्टोरल बाँडची योजना घटनाबाह्य ठरवली. देणगी कोणी दिली हे जाणून घ्यायचा मतदारांचा हक्क त्यामुळे डावलला जातो, असं कोर्टाने म्हटलं. कशाला धन विधेयक म्हणायचं हा प्रश्न तर २०१९ मध्येच मोठ्या घटनापीठाकडे सोपवण्यात आला आहे.

बजेट वेळेत मंजूर झालंच नाही तर?

अमेरिकेत काय होतं ते २०२५ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. संसदेत एकमत न झाल्याने १ ऑक्टोबरपासून सरकारी कामकाज ठप्प झालं आणि ते ४३ दिवस चाललं. लाखो कर्मचाऱ्यांचे पगार अडकले.

भारतात सरकारकडे लोकसभेचं बहुमत असतंच, त्यामुळे अशी वेळ येत नाही. निवडणुकीचं वर्ष असेल तर लेखानुदान घेतलं जातं. म्हणजे नवीन सरकार येईपर्यंत काही महिन्यांच्या खर्चाची परवानगी. २०२४ मध्ये १ फेब्रुवारीला अंतरिम बजेट आलं आणि पूर्ण बजेट जुलैमध्ये.

अमेरिकेकडून घेण्यासारखी एक गोष्ट मात्र आहे. तिथल्या संसदेचं १९७४ पासून स्वतःचं बजेट कार्यालय आहे. सरकारचे आकडे बरोबर आहेत का, एखाद्या निर्णयाचा खर्च किती येईल, हे ते स्वतंत्रपणे तपासतं. भारताच्या संसदेकडे असं कार्यालय नाही. आपल्या खासदाराला सरकारच्या आकड्यांवर प्रश्न विचारायचा तर आधार मुख्यतः सरकारच्याच कागदपत्रांचा घ्यावा लागतो.

आपल्याकडे खर्च झाल्यानंतरची तपासणी मात्र आहे. कॅग हिशेब तपासतं आणि लोकलेखा समिती त्या अहवालांवर अधिकाऱ्यांची झाडाझडती घेते. या समितीत २२ खासदार असतात आणि १९६७ पासूनच्या प्रथेनुसार अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे असतं. पण पैसा खर्च होऊन गेल्यावर केलेली तपासणी आणि खर्च करण्याआधी विचारलेला प्रश्न यात फरक आहेच.

हा हक्क आला कुठून?

२६ मार्च १९०२. कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गोपाळ कृष्ण गोखले बजेटवर आपलं पहिलं भाषण करायला उभे राहिले. सरकारचं बजेट शिलकी होतं. इंग्रज अधिकारी त्याबद्दल खूश होते. गोखल्यांनी आकडे मांडून सांगितलं की दुष्काळाने लोक पिचलेले असताना तिजोरीत शिल्लक पडते, याचा अर्थ लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला जातोय. मिठासारख्या गोष्टीवरचा कर कमी करा, अशी त्यांची मागणी होती.

तेव्हाच्या सदस्यांना बजेटवर बोलता यायचं, पण मत देता यायचं नाही. गोखल्यांच्या हातात होती ती फक्त चर्चा. तरी पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, मिठावरचा कर कमी झाला. नंतरही तो टप्प्याटप्प्याने खाली आला.

बजेटवर मत देण्याचा पूर्ण हक्क लोकप्रतिनिधींना मिळायला त्यानंतर जवळपास अर्धं शतक जावं लागलं. गोखल्यांकडे मत नव्हतं, भाषण होतं. २०२३ मध्ये लोकसभेतल्या खासदारांकडे मत होतं, मागण्यांवर भाषण एकाचंही झालं नाही.

मग आपण काय करू शकतो?

बरंच काही. आणि त्यासाठी अर्थशास्त्राची डिग्री लागत नाही.

एक, १ फेब्रुवारीला थांबू नका. खरा निर्णय मार्चमध्ये होतो. वित्त विधेयक मंजूर होताना कोणत्या दुरुस्त्या आल्या, हे मार्चच्या शेवटच्या दहा दिवसांत बघा. २०२५ मध्येही वित्त विधेयक ३५ दुरुस्त्यांसह मंजूर झालं.

दोन, स्थायी समितीचा अहवाल वाचा. तुम्ही शेतकरी असाल तर कृषी समितीचा, शिक्षक असाल तर शिक्षण समितीचा. हे अहवाल संसदेच्या वेबसाइटवर सगळ्यांसाठी मोफत असतात. कोणत्या योजनेला किती पैसे दिले आणि त्यातले किती पडून राहिले, हे त्यात आकड्यांसह असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पोस्टपेक्षा हे शंभरपटीने भरवशाचं.

तीन, आपल्या खासदाराला विचारा. महाराष्ट्रातून लोकसभेवर ४८ आणि गोव्यातून २ खासदार जातात. त्यांच्यापैकी अनुदानाच्या मागण्यांवर कोण बोललं? कोणत्या मंत्रालयाबद्दल? कपात सूचना कोणी दिली? हे सगळं लोकसभेच्या नोंदीत असतं. लग्न, बारसं आणि दहीहंडीला खासदार आले का हे आपण लक्षात ठेवतो. बजेटच्या वेळी ते सभागृहात काय करत होते, हेही लक्षात ठेवायला हरकत नाही.

चार, हीच नजर राज्याकडेही वळवा. विधानसभेतही अनुदानाच्या मागण्या, कपात सूचना, विनियोजन विधेयक हाच क्रम असतो. दर अधिवेशनात पेपरमध्ये 'पुरवणी मागण्या मंजूर' अशी बातमी येते आणि आपण ती ओलांडून पुढे जातो. पुरवणी मागणी म्हणजे बजेटमध्ये मंजूर झालेला पैसा पुरला नाही म्हणून मागितलेला जास्तीचा पैसा. तो का पुरला नाही, हा प्रश्न विचारायची जागा तीच.

संसदेला बजेटमध्ये एक रुपया बदलता येतो का, तर कागदावर येतो आणि मतदानात सहसा येत नाही. पण चर्चेच्या रेट्याने पीएफवरचा कर मागे गेला, घर विकणाऱ्यांना पर्याय मिळाला, छोट्या शेतकऱ्यांना खत जुन्या दरात मिळालं. डेट फंडवाल्यांच्या बाजूने किंवा विरोधात बोलायला मात्र सभागृहात कोणी उभंच राहिलं नाही.

पुढच्या वेळी मार्चमध्ये 'गोंधळात बजेट मंजूर' अशी पट्टी टीव्हीवर दिसली, तर चॅनल बदलण्याआधी एवढं आठवा. त्यात माणशी तीस-पस्तीस हजार रुपयांचा हिशेब होता. तुमच्याही वाटणीचा.